हातकणंगल्याचा मतदार आणि उंसाचा दर

शेतकऱ्यानें राजकारणांत पडावें कीं पडूं नये, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. आणि तो घालणारे बहुधा शेतकरी नसतात, हेंही तितकेंच जुनें आहे. या प्रश्नाचें उत्तर तत्त्वचर्चेंत न शोधतां एखाद्या प्रत्यक्ष मतदारसंघाच्या इतिहासांत शोधावें, असें आम्हांस वाटतें. त्या दृष्टीनें कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या हातकणंगले लोकसभा मतदारसंघाइतकें बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रांत दुसरें क्वचितच सांपडेल. ऊंस पिकविणाऱ्यांचा म्हणून उभा राहिलेला उमेदवार तेथें दोनदां मोठ्या मताधिक्यानें निवडून आला, तिसऱ्या वेळीं पडला, आणि चौथ्या वेळीं तिसऱ्या क्रमांकावर गेला. चारही वेळां जमीन तीच, पीक तेंच, कारखाने तेच. मग बदललें काय, याचा विचार ऊंस न लावणाऱ्या वाचकांनींही करण्यासारखा आहे. कांदा, कापूस वा सोयाबीन पिकविणाऱ्यांपुढें आज ना उद्यां हाच प्रश्न येणार आहे.

प्रथम मुलूख समजून घेऊं. सध्यांचा मतदारसंघ २००८ सालच्या पुनर्रचनेनें अस्तित्वांत आला. त्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी व शिरोळ हे चार आणि सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूर व शिराळा हे दोन, असे सहा विधानसभा मतदारसंघ मोडतात. पश्चिमेकडे शाहूवाडी-शिराळ्याचा डोंगरी, भाताचा मुलूख. मध्यें वारणेचें खोरें. पूर्वेस कृष्णा-पंचगंगेच्या कांठची शिरोळची काळी जमीन. आणि जवळच यंत्रमागांचें इचलकरंजी शहर. वारणानगर, साखराळे, हुपरी, शिरोळ, नरंदे, चिखली अशीं कारखान्यांचीं ठिकाणें मोजूं लागलें कीं एका मतदारसंघांत धुराडीं किती, याचा अंदाज येतो.

पुनर्रचनेपूर्वीं यांतील बराच प्रदेश इचलकरंजी मतदारसंघांत होता. तेथून बाळासाहेब माने हे १९७७ पासून काँग्रेसतर्फे लागोपाठ ५ वेळां निवडून गेले. १९७७ च्या लाटेंत देशभर काँग्रेसचे मोठमोठे बुरूज ढांसळले, पण ही जागा ढळली नाहीं. पुढें १९९६ व १९९८ सालीं कल्लाप्पाण्णा आवाडे काँग्रेसतर्फेच आले. १९९९ व २००४ सालीं बाळासाहेबांच्या स्नुषा निवेदिता माने राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे आल्या. म्हणजे ३२ वर्षांत खासदार तीनच, आणि त्यांतील दोन एकाच घरांतील. घराणेशाही म्हणून या इतिहासास नाक मुरडण्याची आमची इच्छा नाहीं. घटना समितीचे सभासद व पहिल्या लोकसभेचे खासदार रत्नाप्पा कुंभार यांनीं पंचगंगा कारखाना उभारला, तात्यासाहेब कोरे यांनीं वारणेच्या माळावर सहकाराचें गांव वसविलें, आवाडे यांनीं हुपरीस जवाहर कारखाना काढला. ज्याच्यामुळें शिवारांत नगदी पीक आलें आणि पोरें शाळेंत गेलीं, त्याच्या पक्षास शेतकऱ्यानें मत दिलें, यांत गैर कांहीं नाहीं. कृतज्ञतेचें मत हें लांचेचें मत नव्हे.

परंतु कृतज्ञतेखेरीज दुसरेंही एक बंधन आहे, आणि ज्यानें कधीं ऊंस लावला नाहीं त्यास तें सहसा समजत नाहीं. तोडलेला ऊंस साठवितां येत नाहीं, आणि पक्व झालेला ऊंस फार काळ उभा ठेवितां येत नाहीं. तुरा येऊन पीक उन्हाळ्यापर्यंत रानांत राहिलें कीं वजन घटतें, खोडवा उशिरां धरला जातो, आणि पुढच्या साऱ्या वर्षाचें गणित विसकटतें. तोड कोणाच्या रानांत केव्हां द्यावयाची हें कारखान्याचा शेती विभाग ठरवितो. वाहन कारखान्याच्या कराराचें, काटा कारखान्याचा, उतारा काढणारी प्रयोगशाळाही कारखान्याचीच. पीककर्ज विकास सोसायटीचें, आणि त्याची वसुली उंसाच्या बिलांतून परस्पर होणार. सोसायटीचा चेअरमन, जिल्हा बँकेचा संचालक व कारखान्याचा संचालक हे बहुधा एकाच पंक्तीस जेवणारे असतात. त्यांत पुन्हां दोन कारखान्यांमध्यें २५ किलोमीटर हवाई अंतर असलेंच पाहिजे हा महाराष्ट्रांतील दंडक. त्यामुळें दारांत नवें गिऱ्हाईक येण्याची वाट अरुंद. मतदान गुप्त असतें हें खरें. पण कोणाचा ऊंस कोणाच्या मागून तुटला, हें गांवांत कोणापासूनही गुप्त राहत नाहीं.

हें बंधन सैल करण्याचा या भागांतील मोठा प्रयत्न शिरोळ तालुक्यांतून झाला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेंत घडलेले राजू शेट्टी २००२ सालीं जिल्हा परिषदेवर व २००४ सालीं शिरोळहून अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले, आणि त्याच सुमारास त्यांनीं स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. हंगामाच्या तोंडावर जयसिंगपुरास ऊंस परिषद भरवावयाची, पहिली उचल किती हवी तें तेथें जाहीर करावयाचें, आणि तें ठरेपर्यंत उंसास कोयता लावूं द्यावयाचा नाहीं, ही त्यांची रीत. २००९ सालीं ते लोकसभेस उभे राहिले तेव्हां ‘एक नोट, एक व्होट’ अशी हांक दिली गेली, आणि शेतकऱ्यांनीं मताबरोबर पदरचे पैसेही दिले. ४,८१,०२५ मतें मिळवून त्यांनीं निवेदिता माने यांचा ९५,०६० मतांनीं पराभव केला. उमेदवाराकडून घेणारा मतदार आपण पुष्कळ पाहिला आहे. उमेदवारास देणारा मतदार ही गोष्ट आम्हांस त्या मताधिक्याहून मोठी वाटते.

पुढचीं पांच वर्षें आंदोलनाचीं गेलीं. २०११ च्या नोव्हेंबरांत बारामतीस उपोषण झालें. २०१२ च्या नोव्हेंबरांत पहिल्या उचलीसाठीं रस्ते अडले, आणि सांगली जिल्ह्यांत वसगडे येथें पोलिसांच्या गोळीनें एक शेतकरी प्राणास मुकला. २०१४ सालीं भाजपच्या आघाडींत राहून शेट्टी पुन्हां उभे राहिले, तेव्हां समोर काँग्रेसतर्फे प्रत्यक्ष आवाडे होते. एका बाजूस कारखाना काढणारा, दुसऱ्या बाजूस कारखान्याच्या फाटकावर बसणारा; इतकी स्वच्छ लढत मतदारास क्वचितच मिळते. शेट्टी यांस ६,४०,४२८ मतें पडलीं, आणि ते १,७७,८१० मतांनीं विजयी झाले.

यानंतरचा भाग आम्हांस अधिक विचार करण्यासारखा वाटतो. संघटनेचे दुसरे नेते सदाभाऊ खोत २०१६ सालीं राज्यांत मंत्री झाले; २०१७ सालीं त्यांची व संघटनेची फारकत झाली, आणि त्याच वर्षीं संघटना सत्ताधारी आघाडींतून बाहेर पडली. २०१८ सालीं शेट्टी यांनीं हमीभावाचा हक्क व कर्जमुक्ति या विषयांवर दोन खासगी विधेयकें लोकसभेंत मांडलीं. हेतु उत्तम, पण खासगी विधेयकांपैकीं आजवर १४ च कायद्यांत उतरलीं असून त्यांतील शेवटचें १९७० सालचें आहे, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. २०१९ ची निवडणूक आली तेव्हां शेट्टी काँग्रेस व राष्ट्रवादी यांच्या आघाडीचे उमेदवार झाले. ज्या कारखानदारांच्या फाटकावर दहा-पंधरा वर्षें धरणीं धरलीं, त्यांच्याच व्यासपीठावर आतां बसावयाचें होतें. आघाडीचें राजकारण करणारास हें चालून जातें. पण ज्या शेतकऱ्यानें आपल्या तोडीचा धोका पत्करून संचालकाच्या विरुद्ध मत दिलें होतें, त्यानें काय करावें? त्यानें पत्करलेला धोका एका रात्रींत निरर्थक ठरला. दुसऱ्या बाजूनें, ज्या कार्यकर्त्यांनीं शेट्टी यांच्या विरुद्ध दोन निवडणुका लढविल्या, त्यांनीं मनापासून काम केलें असेल असें मानणें भाबडेपणाचें होईल.

इतरही कारणें होतीं. वारणेचें पाणी इचलकरंजीस नेण्याच्या योजनेस २०१८ सालीं दानोळीकरांनीं विरोध केला, तेव्हां शहर व शिवार समोरासमोर आले. २०१९ सालीं इचलकरंजींत शिवसेनेच्या उमेदवारास मोठी आघाडी मिळाली. जातीच्या हिशेबाची कुजबूज त्या वर्षीं उघड बोलण्यांत आली, आणि राष्ट्रीय लाटेचाही वाटा होता. परिणाम असा कीं निवेदिता माने यांचे चिरंजीव धैर्यशील माने यांनीं ५,८५,७७६ मतें घेऊन शेट्टी यांस ९६,०३९ मतांनीं पाडलें. २००९ सालीं आईचा जेवढ्या मतांनीं पराभव झाला होता, जवळजवळ तेवढ्याच मतांनीं मुलानें ती जागा परत घेतली.

२०२४ सालीं शेट्टी यांनीं कोणाचेंही चिन्ह घेतलें नाहीं. स्वतंत्र उभे राहिले. त्याच्या आधींच्या नोव्हेंबरांतच पुणें-बंगळूर महामार्गावर शिरोलीजवळ त्यांनीं दिवसभर रस्ता अडवून मागील हंगामाच्या उंसास टनामागें कोठें १०० तर कोठें ५० रुपये अधिक मिळवून दिले होते. असे पैसे पदरांत पडून सहा महिने होत नाहींत तोंच मे महिन्यांत मतदान झालें, आणि त्यांस १,७९,८५० मतें मिळालीं. धैर्यशील माने ५,२०,१९० मतें घेऊन, शिवसेनेच्या ठाकरे पक्षाचे सत्यजित पाटील सरूडकर यांच्यापेक्षां अवघ्या १३,४२६ मतांनीं पुढें राहिले. दहा वर्षांत शेट्टी यांचीं साडेचार लाखांहून अधिक मतें गेलीं. तरीही उरलेलीं मतें विजयाच्या अंतराच्या तेरापट होतीं, ही गोष्ट दोन्हीं मोठ्या पक्षांच्या ध्यानांत आली असेलच.

आतां आमचें मत सांगतों. पुष्कळांनीं यावरून असा निष्कर्ष काढला कीं शेतकरी कृतघ्न आहे. शंभर रुपये घेतो आणि मत दुसऱ्यास देतो. आम्हांस तो निष्कर्ष मान्य नाहीं. शेतकऱ्यानें आंदोलनाचा नेता आणि लोकसभेचा सभासद यांत भेद केला, एवढेंच. कारखान्याकडून शंभर रुपये काढावयास रस्त्यावरचा माणूस पुरतो, त्यास खासदार असण्याची गरज नाहीं, हें त्यानें अनुभवानें ताडलें. आणि शिरोलीच्या दिवशीं शेट्टी खासदार नव्हतेच. मतदाराची चूक झाली असेल तर ती दुसऱ्या ठिकाणीं आहे: दिल्लींतल्या सभासदानें काय करावयाचें असतें, हें त्यानें कोणत्याच उमेदवारास, माने यांस नाहीं, पाटील यांस नाहीं आणि शेट्टी यांसही नाहीं, नेटानें विचारलें नाहीं.

आणि विचारण्यासारखें पुष्कळ आहे. उंसाचा किमान दर कारखाना ठरवीत नाहीं, मुंबईही ठरवीत नाहीं. कृषि मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राचें मंत्रिमंडळ ठरवितें. ज्यास आपण सर्व एफ.आर.पी. म्हणतों, तो हा दर २००९-१० च्या हंगामापासून सुरू झाला. त्या वेळीं साडेनऊ टक्के उताऱ्यास क्विंटलमागें १२९ रुपये ८४ पैसे होता. २०१७-१८ सालीं त्याच उताऱ्यास २५५ रुपये होते. २०१८-१९ साठीं तो २७५ रुपये केला, तेव्हां वीस रुपयांची वाढ झाली म्हणून सर्वत्र बातमी झाली. परंतु त्याच निर्णयांत पायाचा उतारा साडेनऊवरून दहा टक्के झाला. जुन्या पायानें मोजतां तो दर २६१ रुपये २५ पैसे भरतो. म्हणजे खरी वाढ सव्वासहा रुपये. पुढें २०२२-२३ पासून पाया सव्वादहा टक्के झाला. २०२४-२५ च्या हंगामास ३४० रुपये दर होता व पायावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३ रुपये ३२ पैसे अधिक. ज्या आमच्या बंधूंच्या उंसास बारा टक्क्यांच्या आसपास उतारा पडतो, त्यांनीं पाटीवर हिशेब करून पाहावा: तोच ३४० चा दर साडेनऊच्या पायावर असता तर क्विंटलमागें २४ रुपये ९० पैसे, म्हणजे टनामागें २४९ रुपये अधिक मिळाले असते.

महामार्ग अडवून, खटले अंगावर घेऊन मिळाले ५० ते १००. दिल्लींत एका ओळीच्या फेरफारानें, एकही रस्ता न अडतां, गेले २४९. पायाचा पहिला फेर झाला तेव्हां या मतदारसंघाचे खासदार स्वतः शेट्टी होते आणि दुसरा झाला तेव्हां माने होते. म्हणून आम्ही हा दोष एका व्यक्तीच्या माथीं मारीत नाहीं. पण या प्रश्नावर हातकणंगल्यांत कोणाचें एक मत तरी इकडून तिकडे गेलें असेल काय, याची आम्हांस शंका आहे.

तीच गोष्ट साखरेच्या किमान विक्री दराची. तो २०१८ सालीं किलोस २९ रुपये होता, फेब्रुवारी २०१९ मध्यें ३१ केला, आणि २०२४-२५ च्या हंगामांतही ३१ च होता. या काळांत उंसाचा दर वर वर जात राहिला. मधल्या फटींत कारखाना सांपडला कीं बिल कोणाचें थकतें, हें सांगावयास नको. २०२३-२४ सालीं साखर निर्यातीस वाव नव्हता, आणि डिसेंबर २०२३ मध्यें उंसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आला. हे सर्व निर्णय मतदानाच्या तोंडावर झालेले, आणि शेतकऱ्याच्या बिलाशीं थेट जोडलेले. तरी प्रचारांत गाजला तो गद्दार कोण व निष्ठावंत कोण हा प्रश्न. शिरोळ तालुक्यांत पाण्याच्या अतिरेकानें जमिनी क्षारपड होत चालल्या आहेत, त्यांत चर खणून निचरा करण्यास लागणारें भांडवल कोणत्या योजनेंतून यावें, हा प्रश्न तर निवडणुकीच्या वाऱ्यासही उभा राहिला नाहीं. जमीनच नापीक झाल्यावर दर कशाचा मागणार?

लोकसभेबाहेर राहूनही काम होऊं शकतें, याचा दाखला अगदीं अलीकडचा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्यें राज्य सरकारनें एफ.आर.पी. दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला. १९६६ च्या ऊंस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊंस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, न दिल्यास १५ टक्के व्याज द्यावें लागतें. त्या तरतुदीसच या निर्णयानें बगल दिली. सरकार तेव्हां अशा आघाडीचें होतें कीं जिच्याशीं संघटनेची मैत्री होती. एप्रिलांत संघटनेनें ती मैत्री तोडली, शेट्टी न्यायालयांत गेले, आणि मार्च २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द ठरविला. दोन हप्त्यांची तरतूद काढणारे मित्र होते म्हणून गप्प बसावें, असा मोह कोणासही झाला असता. तो झाला नाहीं याबद्दल संघटनेचें श्रेय मान्य केलेंच पाहिजे. पण २०१९ सालीं त्याच मित्रांच्या पंक्तीस बसल्यामुळें जीं मतें गेलीं, तीं या निकालानें परत येतील असें आम्हांस वाटत नाहीं. शेतकरी संघटनेनें निवडणूक लढवावी. परंतु कारखानदारांच्या कोणत्याही गटाच्या आधारानें लढवूं नये. आधार घेतल्यानें एक निवडणूक जिंकतां येईलही. पण ज्यानें तोडीचा धोका घेऊन मत दिलें, तो दुसऱ्यांदां धोका घेणार नाहीं.

आणखी एक गोष्ट, जी बोलावयास कटु वाटते. खासदाराची निवडणूक पांच वर्षांनीं एकदां येते, तशी सहकारी कारखान्याच्या संचालक मंडळाचीही येते, आणि तेथें मतदार बहुतांशीं ऊंस घालणारे सभासदच असतात. तेथें यंत्रमागवाला नसतो, शहरचा पाणीप्रश्न नसतो, राष्ट्रीय लाट नसते. ज्या गांवांनीं २००९ व २०१४ सालीं दिल्लीस संघटनेचा माणूस पाठविला, त्यांतील पुष्कळ गांवांनीं कारखान्यावर मात्र जुनेंच मंडळ ठेविलें. ज्या मतानें काट्यावर व उताऱ्याच्या प्रयोगशाळेवर आपला माणूस बसवितां येतो, तें मत जुन्या सवयीनें द्यावयाचें, आणि ज्या मताचा काट्याशीं संबंध नाहीं तें मात्र बंडखोरीनें द्यावयाचें, ही उलटी रीत आहे.

पुढील लोकसभा निवडणूक नियमाप्रमाणें २०२९ सालीं येईल. तत्पूर्वीं प्रत्येक कारखान्याच्या वार्षिक सभा व्हावयाच्या आहेत. आमच्या सभासदांनीं त्या सभांत चहा व अहवाल घेऊन परत न येतां, उताऱ्याची दैनिक नोंद सभासदास पाहावयास मिळावी, काटा बाहेरच्या काट्याशीं ताडून पाहण्याची मुभा असावी, आणि १४ दिवसांवर गेलेल्या प्रत्येक बिलावरील व्याज किती दिलें याचा आंकडा अहवालांत छापावा, अशा तीन मागण्या लेखी द्याव्या. आणि लोकसभेचा उमेदवार दारीं येईल तेव्हां, तो कोणत्याही घरचा वा झेंड्याचा असो, पायाचा उतारा पुन्हां साडेनऊवर आणण्याविषयीं त्याचें म्हणणें काय, हें गांवच्या चावडीवर चार लोकांसमोर विचारावें व त्याचें उत्तर लिहून घ्यावें.